वाढीव हवा

३ जून
आज रुजू झालो. स्वागत झकास. मुकादमाने स्वतः ट्रंक उचलली, बायकोला क्वार्टरमधला गळका नळ कसा पिळायचा तेही दाखवलं. कॉम्प्रेसर जुना, पण खानदानी. पंखा हवा ओढतो, दाबतो, कारखान्याला पुरवतो. डिग्री नसताना अशी अकरा यंत्रं सुधारली आहेत मी. हेही पंधरा दिवसांत वठणीवर आणतो.

५ जून
गळती सापडली. दाबलेली थोडी हवा एका झडपेतून परत खोलीतच सोडतात. का, तर म्हणे खोलीचा वाटा. हवेचा उलट झटका टाळणारी सुरक्षेची झडप वेगळी आहे, तीही तपासली; चोख. मुकादम म्हणाला, साहेब, सगळ्याला हात लावा, हिला नको. मी म्हटलं, वाटे भावाभावांत होतात, कारखान्यात नाही. माझ्या हाताने झडप बंद केली, कुलूप घातलं. कोणी हसलं नाही.

७ जून
यंत्रात हवा शंभर जाते, बाहेर एकशे तीन येते. अशक्य. मीटर दोनदा उतरवून पाहिले, बरोबर आहेत. जिन्यात धाप लागली. बायको म्हणाली, वय झालं, कबूल करा एकदाचं.

१० जून
एकशे अकरा. बारा महिने धापा टाकणारा फिटर आज शिट्टी वाजवत जिना चढला. म्हणाला, तुमचा पायगुण चांगला. डबा खाताना मात्र माझ्याजवळ कोणी बसत नाही.

१२ जून
दवाखान्यात नळीत फुंकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छाती स्वच्छ, पण निम्मी हवा जाते कुठे? मला माहीत आहे. आकडे जुळतात — दशांशापर्यंत.
निघून जायचं म्हणून स्टेशन गाठलं. तिथेही तीच धाप. पंख्याच्या लयीत. परतलो.

१३ जून
मुकादमासमोर म्हणालो, चुकलो. जन्मात पहिल्यांदा. उघडा म्हटलं. तो म्हणाला, झडप उघडी होती तेव्हा आम्ही चाळीस जण थोडा थोडा श्वास द्यायचो. ज्याच्या हाताने बंद होते, त्याच्याकडूनच घेते ती. तुम्ही एकट्याने अंगावर घेतलंत. आता कोण उघडू देईल?
दारात चाळीस जण. श्वास मोकळे — ऐकू येतात —

१४ जून
एकशे चाळीस. उठवत नाही.
मुकादम बायकोशी बोलत होता. हळू, ताई ताई करत. दुसऱ्या कुणाच्या हाताने झडप उघडून पुन्हा लावली, तर ह्यांची सुटका — असं काहीतरी. ती माझ्याकडे बघत होती. कुलपाची चावी — उशाखाली होती —

१५ जून
जाग आली. छातीत हवा. पोटभर. धाप नाही.
बायकोला हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली.
बाहेर पायऱ्यांवर कोणीतरी — एक पायरी, थांबणं — एक पायरी — दार उघडतो आहे, ती