रस्त्याकडचा गाळा आणि त्यातली पुस्तकं

आणि रोहितदादा, मागच्या दिवाळीला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "आठवीतनं पळालेल्याला कशाला पायजेत पुस्तकं? भजी बांधायला?" त्याचं उत्तर तेव्हा राहिलं. माझ्या गाडीची वेळ झाली होती आणि तू टीव्हीचा आवाज वाढवला होतास. आता लिहूनच देतो. कागदाचा आवाज कमी करता येत नाही.

मी, माऊली कोंडिबा ढमाले, वय सव्वीस, मूळ राहणार भरे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, सध्या मुक्काम कच्छ, काम विजेचे टॉवर उभे करण्याचं, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मी काही प्यालेलो नाही आणि मला कोणी धाकदपटशा केलेला नाही. माझ्या मागं माझ्या वस्तूंचं काय करायचं ते पुढं माझ्याच अक्षरात आहे. अक्षर वाईट आहे, पण माझंच आहे.

आई, वहिनी हे तुला वाचून दाखवेल तेव्हा घाबरू नकोस. मला काही झालेलं नाही. आमची टोळी आता रणाच्या बाजूच्या उंच टॉवरवर जाणार आहे. त्याआधी ठेकेदाराच्या माणसानं विम्यासाठी विचारलं, "वारस कोण?" मी तुझं नाव सांगितलं. पण मग झोपच लागेना. विम्याला वारस झाला, गाळ्याला कोण? शेजारच्या टोळीतला एक जण मागं टॉवरवरून खाली आला. जिवंत आहे, पण उठत नाही. त्याच्या घरी आता दोन भाऊ भांडतायत. माझं जे काही आहे त्यावर भांडण नको म्हणून हा कागद.

कलम एक. भरे गावात रस्त्याकडेला असलेला एक शटरचा गाळा वडिलांनी हयातीतच माझ्या नावावर केला. ग्रामपंचायतीच्या आठ-अ उताऱ्यावर माझं एकट्याचं नाव आहे. तो गाळा मी माझी मोठी बहीण गौतमी हिला देतो. पूर्ण मालकीनं. दादा, तू म्हणशील, तिला कशाला, तिनं तर हक्क सोडलाय. त्याचंच सांगतो.

वडील गेल्यावर जमिनीला गिऱ्हाईक आलं. भूगावचे अण्णासाहेब, प्लॉटिंगवाले. त्यांची पद्धत सगळ्या गावाला माहीत आहे. जो शेतकरी विसार घेईल त्याला नारळ, टॉवेल, टोपी आणि एक पुस्तक. पुस्तक असं की श्रीमंत कसं व्हावं, पहाटे कसं उठावं, मन कसं जिंकावं. आत पहिल्या पानावर अण्णासाहेबांचं कार्ड चिकटवलेलं. आपल्याकडं लोक ते नारळासारखंच दोन्ही हातांनी घेतात, कपाळाला लावतात आणि शोकेसमध्ये ठेवतात. वरचं प्लास्टिक काढत नाहीत, धूळ बसेल म्हणून. तुझ्या बंगल्यात अशी एक रांगच आहे. पाहुणे म्हणतात, "रोहितशेठ, वाचन लई दिसतंय." तू हसतोस.

पौडला तालुक्याच्या कचेरीत हक्कसोड करायला निघालात तेव्हा मी इकडं होतो. गौतमीनं मला नंतर सांगितलं. जीपमध्ये मागच्या सीटवर तिनं कागदांवर सह्या केल्या. कागद हलत होते म्हणून खाली आधाराला तू तेच पुस्तक दिलंस, यशाचं. ती म्हणाली, "दादा, वाचू का आधी?" तू म्हणालास, "भावावर इस्वास न्हाई का? भैनी सोडत्यातच की. साडी घेऊ येताना." साडी आली. हिरवी. तिची घडी तिनं अजून मोडलेली नाही.

दादा, मी तुला चोर म्हणत नाही. आत्यानं सोडलं, मावशीनं सोडलं, बहिणींनी न वाचता सही करायची अशी आपल्याकडं रीतच पडली आहे. पण गौतमी नवरा गेल्यावर माहेरी परत आली आणि आता बंगल्याच्या मागच्या खोलीत गव्हाच्या पोत्यांशेजारी बसून दहावीचा बाहेरून अभ्यास करते. तिला बसायला जागा नाही. म्हणून माझा गाळा तिला.

कलम दोन. त्या गाळ्यात तिनं अभ्यासिका काढावी. ही सक्ती नाही, ती मालकीण आहे. पण माझी इच्छा तशी आहे. पिरंगुटच्या कारखान्यांत कामाला येणारी पोरं आपल्याच गावात दहा बाय दहात सहा-सहा जण राहतात. कुणाला आयटीआयची परीक्षा द्यायची असते, कुणाला लायसन काढायचं असतं. ती महिन्याचे पैसे देतील. गौतमीला कुणापुढं हात पसरायला लागणार नाही. आई, तुला आता कळलं असेल मी सारखा पुस्तकं का पाठवतो. मला इथं एका जागी बसवत नाही. सुट्टी मिळाली की भुजला जातो, रस्त्यावरची पुस्तकं उलटीपालटी करतो, परत येतो. पहिल्या पानापासून मी कुठलंच पुस्तक वाचलेलं नाही. जिथं अडलंय ते पान काढायचं, काम करायचं, ठेवून द्यायचं. मोटार वायंडिंग मी असंच शिकलो, चित्रं बघून, आणि दोन मोटारी जाळून.

पुस्तकं निवडायचं काम मी रेश्मावहिनीला देतो, ती माझ्या घरातली एकटीच अशी जिनं शोकेसचं कुलूप उघडायला लावलं. लग्न होऊन आल्यावर तिनं यशाचं एक पुस्तक प्लास्टिक फाडून वाचलं. सासूबाई ओरडल्या. (आई, तू ओरडली होतीस.) मी फोनवर विचारलं, कसं आहे? वहिनी म्हणाली, "भावजी, पानोपानी 'तू करू शकतोस' असंच हाय. काय करायचं ते कुटंच न्हाई."

तेव्हापासून मी पुस्तक घेताना तिचंच वाक्य लावून बघतो. वहिनी, तरी तुम्हाला काही गोष्टी सांगून ठेवतो.

पुस्तक मधेच उघडा. त्या पानावरून संध्याकाळपर्यंत हातानं काही करता येईल का ते बघा. येत असेल तर घ्या. वायरिंग, कायदा, फवारणी, औषधं, ह्यांची पुस्तकं कितव्या आवृत्तीची आहेत ते आधी बघा. जुन्या कायद्याचं पुस्तक स्वस्तात मिळतं आणि महागात पडतं. मागं सूची नसेल तर संदर्भाचं पुस्तक घेऊ नका, त्यात शोधायला गेलेला माणूस परत येत नाही. शब्दकोश मोठ्या अक्षराचाच घ्या, आणि दोन घ्या, एक कायम कुणीतरी घरी नेणार. प्रथमोपचाराचं चित्रांसहित घ्या आणि दारापाशी टांगा. बिहारची पोरं येतील त्यांच्यासाठी हिंदीतली ठेवा. लाख प्रती खपल्या असं वर लिहिलेलं असलं म्हणून घेऊ नका, आणि लाख खपल्या म्हणून नाक मुरडूनही ठेवू नका. असल्याच एका पुस्तकानं मला सांगितलं होतं की राग आला की आधी तो कशाचा आहे ते लिहून काढ. हा कागद त्याचाच परिणाम आहे. आणि जे पुस्तक ज्याच्यासाठी घेताय त्याला आधी एक पान वाचून दाखवा. "फुडं?" म्हणाला तर पैसे द्या.

फुकट मिळालेली पुस्तकं गाळ्यात ठेवायची असतील तर कार्ड फाडून ठेवायची.

कलम तीन. माझी पुस्तकं, तिकडच्या पत्र्याच्या पेटीतली आणि इकडची, सगळी गौतमीच्या अभ्यासिकेला. एक सोडून. सोप्या भाषेतलं जमिनीच्या कायद्याचं जे माझं पुस्तक आहे, ज्यावर चहा सांडलेला आहे, ते दादाला. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, हे मला त्यातच सापडलं. बहिणीच्या हक्काचं प्रकरण मी दुमडून ठेवलंय. दादा, शोकेसमध्ये ठेवू नकोस.

कलम चार. ओढ्याकडचं भाताचं खाचर, माझ्या वाट्याचं, आईला. तिच्यामागं दादाला. बघ, तुला काहीच दिलं नाही असं नाही. इंद्रायणी लावत जा. बांधावरचा आंबा तोडू नकोस, गिऱ्हाईकाला रस्ता दिसावा म्हणून.

कलम पाच. बँकेत जे असेल ते आईला. विम्याचं येईल ते आईला. तिनं त्यातून डोळ्याचं ऑपरेशन आधी करावं आणि देवाचं नंतर.

कलम सहा. वायंडिंगचं मशीन, पाने, पकडी, मीटर हे सगळं अभ्यासिकेतच ठेवायचं, पुस्तकांशेजारी. पुस्तक उघडलं आणि हाताशी पकड नसली तर ते पुस्तक अर्धंच.

माझे बूट मी हनुमंताला लिहिणार होतो. हनुमंत आमच्याच तालुक्यातला, वरच्या डोंगरातल्या वाडीचा, आणि टॉवरवर माझा जोडीदार. पण पुस्तकात आहे की ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार होऊ नये. तसं त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "मंग मी सही करीत न्हाई. बूट बरं हायेत."

मी म्हणालो, "अरे, दुसरा साक्षीदार कुठून आणू?"

"आन कुटनं बी. तुज्याकडं वाटायला गाळा हाय, खाचर हाय. आमच्याकडं कोयता हाय एक, त्यो बी मावसभावानं नेलाय."

शेवटी बूट आजच पायातून काढून दिले. त्यामुळे ते ह्या मृत्युपत्रात नाहीत. मी चप्पल घालून लिहितोय.

दुसरे साक्षीदार आमचे साईट इंजिनियर कौस्तुभ सर, पुण्याचे. ते म्हणाले, "माऊली, सव्विसाव्या वर्षी लोक बाइकचे हप्ते फेडतात, मृत्युपत्र करत नाहीत." पण सगळं वाचून काढलं, आणि वाचून झाल्यावर चष्मा काढून विचारलं, "गाळा आत्ता रिकामा आहे का?"

ह्या प्रश्नावर माझं अख्खं मृत्युपत्र अडलं. गाळा रिकामा नाही. चावी दादाकडं होती, त्यानं मला न विचारता तो अण्णासाहेबांना प्लॉटिंगच्या ऑफिसला दिला. बाहेर 'निसर्गाच्या कुशीत' असा बोर्ड आहे. कौस्तुभ सर म्हणाले, "उद्या तुझी बहीण हा कागद घेऊन गेली तर तो आधी त्यानं दिलेलं डिपॉझिट परत मागेल. कुणी घेतलंय ते?" दादानं घेतलंय. खर्चलंय. बंगल्याच्या गेटला लागलं, असं वहिनीनं सांगितलं. म्हणजे मी मेलो तरी गौतमी गव्हाच्या पोत्यांशेजारीच बसणार. तेव्हा पुढचं कलम मरायची वाट न बघता लागू करायचं आहे.

कलम सात. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी रेश्मावहिनी करेल, दादा नाही, आणि गाळ्यापुरती ती आजपासूनच. दादा, रागावलास तर रागाव. काल मी अण्णासाहेबांना स्वतः फोन केला. म्हणालो, "गाळा माझा आहे, मला पाहिजे."

ते म्हणाले, "माऊलीशेठ, तुमी तितं लांब. काय करणार गाळ्याचं? मोठा विचार करायला शिका. मी पुस्तक पाठवतो तुमाला."

मी म्हणालो, "तुमचंच पुस्तक आहे घरी, सतराव्या पानावर लिहिलंय की शब्द पाळावा."

मग म्हणाले, "डिपॉझिट द्या, म्हैनाभरात शटर मोकळं करतो." कौस्तुभ सर शेजारी उभे राहून ऐकत होते, स्पीकरवर.

हे मी स्वतः लिहिलं, दोघा साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: माऊली कोंडिबा ढमाले

साक्षीदार: १. हनुमंत (अंगठा नाही, सही. शिकलाय.) २. कौस्तुभ

ठिकाण: नखत्राणा तालुका, कच्छ. दिनांक: ७ डिसेंबर २०२५.

वहिनी, मूळ कागद गौतमीकडं द्या, झेरॉक्स दादाला. डिपॉझिटचे पैसे तुमच्या खात्यावर टाकतोय, दादाच्या नाही. अण्णासाहेबांच्या हातात देताना गौतमीला बरोबर न्या, पावती तिच्या नावानं घ्या, आणि सही करायच्या आधी तिला ती पूर्ण वाचू द्या, ते कितीही घाई करू देत. चावी तिथंच मागून घ्या. आज पाठवलेली रक्कम: रुपये पंचेचाळीस हजार फक्त.