खिशातल्या किल्लीबद्दल

तीर्थस्वरूप दादांना,

साष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घ्यावा). तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? बाथरूमचा नळ अजून गळतो का? तुमची बहीण आज बारा दिवस तुमच्याकडे आहे, ती नीट जेवते ना, आणि माझं नाव कधी काढते का? मी बरा आहे, म्हणजे रोज दूध उतू घालवतो आणि ओटा पुसतो.

तिने काय सांगितलं ठाऊक नाही, म्हणून माझी बाजू मांडतो (बाजू फारशी नाही). माझं काम तुम्हाला एकदा समजावत होतो, तेव्हा तुम्ही मधेच जेवायला उठलात. तर आमची अवघड गणितं क्लाउडमधून दूरदेशीच्या एका क्वांटम संगणकाकडे जातात, कारण तसलं यंत्र घ्यायची आमची ऐपत नाही. पण परक्याला आपलं गणित कळता कामा नये, म्हणून ते असं विस्कटून पाठवतो की यंत्र राबतं, पण कशासाठी ते त्याला कळत नाही (आमच्या ऑफिसातही हीच पद्धत आहे). शिवाय तिकडच्याने काहीतरी ठोकून देऊ नये, म्हणून खऱ्या प्रश्नांत, उत्तर आधीच माहीत असलेले प्रश्न मिसळायचे. त्याला सगळे सारखेच दिसतात. तिथे चुकला की अख्खा गठ्ठा रद्द. हे खोटे प्रश्न अकरा वर्षं मी बनवतोय.

अकरा वर्षांत स्वभाव बिघडतो हो, दादा. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती आणि मी तिला विचारलं, किल्ली कुठे आहे. हल्ली ती न बघताच "असेल तिथेच" म्हणते असा संशय होता, म्हटलं तपासून बघू. तर तिने दीड तास शोधली. गाद्या उलटल्या, पिठाचा डबा रिकामा केला, कामावर उशिरा पोचली म्हणून बोलणी खाल्ली. मी सांगणारच होतो, पण दहा मिनिटांनी सांगणं आणि दीड तासाने सांगणं यात फरक पडतो. संध्याकाळी पँट धुवायला घेताना किल्ली तिच्याच हाती लागली. "तपासायला तिकडे मशीन आहे ना तुझं," एवढंच म्हणाली आणि बॅग भरली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी यंत्राचा एक गठ्ठा चुकीचा म्हणून रद्द केला. साहेबांनी पाहिलं तर यंत्र बरोबर होतं, मला माहीत असलेलं उत्तरच चुकलं होतं. साहेब रागावले नाहीत, पाणी हवं का विचारलं. त्यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते ओळखा.

वहिनींना नमस्कार.

तुमचा दमलेला मेहुणा

ता. क. गुडघा, खोकला, नळ आणि तिचं जेवण, या चारांची उत्तरं मला वहिनींनी फोनवर आधीच सांगितली आहेत. त्यात "सगळं उत्तम" लिहिलंत, तर पाचव्यावरही विश्वास ठेवणार नाही. माझं नाव काढते का, हे तेवढं मला खरंच माहीत नाही.

पुन्हा ता. क. वरचं वाचून पाहिलं. परत तेच केलं मी. दादा, उत्तर राहू द्या, हे पत्र तिलाच द्या.

अगं, किल्ली कुठे आहे ते मला माहीत होतं. चुकलो. तू कधी येतेस ते माहीत नाही, म्हणून विचारतोय.