तातडी: एक ते पाच

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
कोर्स संपला. 'ऑनलाइन समूहांचे मानसशास्त्र आणि समाजशास्त्र', सहा आठवडे, घरबसल्या. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. बायकोने, मृणालने विचारलं, कुठे लावणार? म्हटलं, हे लावायचं नसतं, वापरायचं असतं. (नंतर हॉलमध्ये लावलं.)

टॉवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मी. एकमताने. म्हणजे मीटिंगमध्ये दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. १२४ मेंबर, सगळे आमच्या परळच्या जुन्या चाळीतले. चाळ पाडून बावीस मजले झाले, गॅलरी गेली, दारं बंद झाली. आता हा ग्रुप हीच गॅलरी. ती शिस्तीत चालली पाहिजे. संकल्प: तीन महिन्यांत आदर्श समूह.

५ फेब्रुवारी, बुधवार.
नव्वद-नऊ-एकचा नियम. शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात, एकटा एकच सारखा लिहितो. आपला एक सापडला. शामकाका, चौदावा मजला. वय शहात्तर, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मोजलं. जानेवारीतले एकतीस टक्के मेसेज त्यांचे. रोज सकाळी सहाला व्हॉइस नोट: "जय भीम मंडळी, सगळी बरी ना? पाणी आलंय. डाव्या लिफ्टचं दार अडकतंय, जपून. सातव्यावरच्या बाईला ताप आहे, कुणीतरी बघा रे." चार मिनिटं. मागे कांताकाकूंचा खोकला. शास्त्रात याला नॉइज म्हणतात.

९ फेब्रुवारी, रविवार.
फुटक्या काचेचा सिद्धांत. एक काच फुटकी राहू दिली की लोक बाकीच्याही फोडतात. म्हणून सुरुवात छोट्या गोष्टींपासून. सकाळचे मेसेज बंद. शामकाकांना गेटजवळ गाठून प्रेमाने सांगितलं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं हेमू. तू शिकलेला." समजूत घालणं एवढं सोपं असतं, टेक्निक हवं.
मृणाल म्हणाली, आठव्या मजल्यावरून रोज गणपतीचे फोटो येतात ते चालतात का? म्हटलं, एकेक काच.

१२ फेब्रुवारी, बुधवार.
शामकाका परत बोलले. पाण्याबद्दल. उपाय कोर्समध्ये आहेच: प्रतिसाद मिळाला नाही की सवय आपोआप विझते. सगळ्यांना वेगवेगळा मेसेज केला, काकांना कुणी उत्तर देऊ नये, त्यांच्याच भल्यासाठी.
संध्याकाळी पार्किंगवरून राडा. नवव्या मजल्यावरचा उन्मेष मला हुकूमशहा म्हणाला. उन्मेष घरून काम करतो, दिवसभर हेडफोन लावून असतो, त्याला समाज काय कळणार.
निर्णय घेतला. ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहील. बाकीच्यांसाठी गूगल फॉर्म: नाव, विषय, मजकूर, तातडी एक ते पाच. रोज संध्याकाळी सहाला मी बघणार. ऑफिसात फोन सायलेंट. ॲडमिनने स्वतःची सीमा आखावी, हेही कोर्समध्ये आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
पाच दिवस. भांडणं शून्य. मेसेजही शून्य, माझे अकरा सोडून. समूह परिपक्व होतोय.
मृणाल म्हणाली, सातव्यावरची बाई तीन दिवस हॉस्पिटलात होती, आपल्याला पत्ताच नाही. म्हटलं, तिने फॉर्म भरायला हवा होता. ती उठून किचनमध्ये गेली.
आजवर फॉर्म एकच, शामकाकांचा. "गुरुवारी डावी लिफ्ट सर्व्हिसिंगला, उजवी बंदच आहे. म्हाताऱ्यांनी आपली कामं बुधवारीच उरकून घ्या." तातडी: पाच. फोन करून समजावलं की पाच म्हणजे आग, भूकंप. सगळ्यालाच पाच दिलं तर आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणाले, "चुकलं हेमू. पुढच्या वेळी बघून लिहीन."

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ८.
कांताकाकू गेल्या.
जे कळलं ते असं. साडेदहाला छातीत दुखायला लागलं. काकांनी ॲम्ब्युलन्सला फोन केला, मजल्यावरची तिन्ही दारं वाजवली. सगळे कामावर. ॲम्ब्युलन्स अकरा वीसला आली. माणसं दोन. लिफ्ट बंद. स्ट्रेचर जिन्यात वळेना, म्हणून खुर्चीत बसवून उतरवलं. ते दोघे, वॉचमन आणि शहात्तर वर्षांचे काका. चौदा मजले. दर मजल्यावर टेकवत. खाली यायला पावणेएक वाजला. हॉस्पिटल आमच्या गेटमधून दिसतं. तिथे पोचेपर्यंत संपलं होतं.
ऑफिसात काकांचे दोन मिस्ड कॉल होते. मला वाटलं, फॉर्मबद्दल असेल.
सहाला फॉर्म उघडला. वेळ ११.०५. नाव: शामराव. विषय: कांता. मजकूर: "कांताच्या छातीत दुखतंय. लिफ्ट बंद. दोन-तीन जण आले तर बरं होईल. सवड असेल तर." तातडी: तीन.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.
जेवलो नाही.
याला बघ्यांचा परिणाम म्हणतात. माणसं जितकी जास्त, तितकं प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी जाईल. मेसेज ग्रुपवर पडला असता तरी कुणी आलं नसतं. प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे.
जिन्यात उन्मेष भेटला. मी हे त्याला सांगितलं. त्याने शिवी दिली नाही. म्हणाला, "मी घरी होतो. ग्रुपवर आलं असतं तर दोन मिनिटांत सहाजण उभे केले असते. माझ्या दारासमोरून खुर्ची गेली रे." आणि रडायला लागला.
प्रयोगात त्रुटी असू शकतात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
सोसायटीच्या हॉलमध्ये काकूंचं पुण्यानुमोदन. सगळा टॉवर आला होता. फॉर्मशिवाय, सेटिंगशिवाय, एकाने दुसऱ्याचं दार वाजवून. मी मागे उभा होतो. वंदना झाल्यावर काकांनी मला हाक मारून शेजारी बसवून घेतलं.
म्हणाले, "हेमू, एक विचारू? मी तीन लिहिलं ते चुकलं का? पाच लिहायला हवं होतं?"
मी म्हटलं, तसं काही नाही काका.
"मला वाटलं, तू परत रागावशील. पण तीन बघूनसुद्धा तू धावला असशील. ऑफिसातून कुणाकुणाला फोन केले असशील. नशीब नव्हतं."
मी मान हलवली.
हो अशी हलवली. इथे दुसरं कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो.

२ मार्च, रविवार.
ग्रुप सगळ्यांना खुला केला. कुणी काही लिहिलं नाही. सकाळी सहाला उठून फोन बघत बसलो. मृणाल म्हणाली, "कशाची वाट बघतोयस?"
काकांना त्यांची मुलगी नम्रता शीवला आपल्या घरी घेऊन गेली.

९ मार्च, रविवार. दुपारी ४.
शीवला गेलो. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं. वाक्यं पाठ केली होती.
दार नम्रताने उघडलं. चाळीत माझ्या मागे मागे फिरायची. दार अर्धंच धरून उभी राहिली. आत काका खाटेवर झोपलेले दिसत होते, भिंतीकडे तोंड करून. तिलाच सांगितलं. फोन सायलेंट होता. फॉर्म सहाला उघडला. कुणालाही फोन केला नाही. पाच लिहिलं असतं तरी सहालाच उघडला असता.
नम्रताने मागे वळून खाटेकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मला सांगितलंस ते ठीक. बाबांना सांगू नकोस, हेमूदादा. हेमूने खूप धावपळ केली, असं येईल त्याला सांगतात. तेवढ्यावर त्यांना झोप लागते."
मी बरं म्हटलं.
तिने दार हलकेच लावून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून.