दांडीला घातलेलं पाणी

अबू हलीफा, कुवेत
९ सप्टेंबर १९९०

तीर्थरूप अण्णांना देवदत्तचा नमस्कार,

मी सुखरूप आहे. शेजारच्या सर्फराजला अम्मानच्या बसमध्ये जागा मिळाली, त्याच्या हाती हे देतो. माझाही नंबर लागेल. आईचा गुडघा कसा आहे?

काल मी इमारतीतल्या सगळ्यांसाठी प्यायच्या पाण्याचा कॅन आणत होतो. इराकी सैनिकांनी अडवलं. माझ्या हॉस्पिटलातल्या नोकरीच्या कार्डावर ‘टेलिफोन टेक्निशियन’ वाचून त्यांनी आपला फील्ड टेलिफोन माझ्यापुढे ठेवला. तुमच्या तारखात्यात असायची तशी एकच तार, विजेचा परतीचा रस्ता जमिनीतून. जमिनीशी जोडणारी लोखंडी दांडी कोरड्या वाळूत ठोकलेली, म्हणून आवाज येत नव्हता. मी कॅन उघडला आणि सगळं पाणी दांडीच्या बुडाशी ओतलं. आवाज खणखणीत आला. अधिकाऱ्यानं पाठ थोपटली आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

वरच्या मजल्यावरच्या रहिमाचाचींना सांगितलं, सैनिकांनी पाणी हिसकावलं. त्यांची सून तापानं फणफणली आहे. त्या म्हणाल्या, "जाऊ दे बाबा, तू सलामत आलास ना." तेव्हापासून मी त्यांच्या दारावरून खाली मान घालून जातो.

समुद्र शंभर पावलांवर होता, अण्णा. दांडीला खारं पाणीच जास्त चांगलं, हे तुम्ही मला हर्णैला स्वतः बादली ओतून दाखवलं होतंत.

आईला हे वाचून दाखवू नका. इथं पाण्याला तोटा नाही, एवढंच सांगा.

तुमचा,
देवदत्त