बिनभोकाचा सांगाडा

सोमवार, ६ जानेवारी

या हातांनी केलेलं: जिन्यातला आपोआप लागणारा दिवा. जुन्या मिक्सरच्या मोटरवर सुऱ्यांना धार लावायचं यंत्र. गॅलरीतली कपडे वाळत घालायची कप्पी — अडकते, पण ते दोरीमुळे. आणि आता हा, घरात उडवायच्या ड्रोनचा सांगाडा. चार हात, चार पंखे, तळहातावर मावतो. बांबूचा. वजन सहा ग्रॅम! क्लास नाही, डिग्री नाही, कोणाची मदत नाही.

बांबू मार्केट यार्डातला. भाजीची फुटकी पाटी मागितली तर हमाल म्हणाला, "फुटकी कशाला? ही चांगली हाय की." चांगलीचं काय करू? मला कामट्या हव्यात.

शनिवार, ११ जानेवारी

छताच्या उंचीवरून टाकून पाहिला, पुन्हा मोडला. पुन्हा तिथेच — कामट्या जोडायला जिथे स्क्रूचं भोक पाडतो, तिथे. तुकडे आमटीत.

"झाकण ठेवायला तरी वेळ द्यायचात," नीरजा म्हणाली. बायकोची सहानुभूती एवढीच.

पुढच्या रविवारी सलिल येणार. माझा भाचा, हिंजवडीतली त्याची कंपनी शाळकरी मुलांसाठी ड्रोनचे संच करते. "मामा, छतापासून पडून टिकला तर साहेबांना दाखवतो. खोक्यावर तुमचं नाव!"

खोक्यावर. छापील.

रविवार, १२ जानेवारी

भोक अर्ध्या मिलिमीटरने बारीक केलं. मोडला.

नीरजा उरलेली पाटी हातात घेऊन फिरवत होती. "एवढी भाजी पेलते ही. एक तरी भोक पाडलंय का कुणी? अहो, बांधा की."

ऐकलं नाही असं दाखवलं.

बुधवार, १५ जानेवारी

बांधला. माझी गाठ सैल पडते. शेवटी नीरजानेच क्रोशाचा दोरा घेतला — आडवे वेढे, उभे वेढे, वर गोंदाचा थेंब. मी नुसता धरून बसलो. वजन पाच ग्रॅमच्या आत. छतापासून टाकला, परत टाकला. मोडतच नाही!

रविवार, १९ जानेवारी

सलिल खूश. "मामा, ही बांधणी सुचली कशी?"

"निरीक्षण," म्हटलं.

नीरजा पोहे देत होती. माझ्या बशीत लिंबू नव्हतं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

साहेबांना पसंत. मला द्यायचा आकडाही ठरला. खोक्याचं चित्र आलं: माझा फोटो, खाली 'पुण्याच्या श्रीनिवास काकांनी एकट्याने घडवलेला'. नीरजाने चष्मा लावून वाचलं. "फोटो छान आलाय." मग साहेबांना हवेत म्हणून आणखी दोन सांगाडे बांधायला बसली. मी धरले.

शनिवार, १ फेब्रुवारी

सलिलला फोन केला — मामीचं नाव घाला, आधी तिचं. "मामा, खोकं एकट्याच्या गोष्टीवर खपतं हो! साहेब ऐकायचे नाहीत." मग खोकंच राहू दे, म्हटलं.

नाकारले: तीन लाख चाळीस हजार रुपये.