एक लुगडं कमी

१७ मे १९८०, शनिवार

आजपासून मी बोलणार आणि कमल लिहिणार. कमल माझी सून. सातवी पास. ती सातवी पास आहे हे आमच्या मांजरालाही माहीत आहे. मला अक्षर येत नाही, राग येतो. तो कुठं तरी उतरवून ठेवावा म्हणून ही वही. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. लिहू दे.

आज जवाईबापू आले. पुढं नुसतं ज. लिहायचं ठरलं, एवढ्याशा माणसासाठी एवढी शाई नको. ज. पोलिसात शिपाई. हवालदारकी दारात येऊन उभी आहे, पण नवीन साहेबानं सांगितलं, आधी धावून दाखवा. शंभर मीटर, अठरा सेकंदांत. ४ जूनला सकाळी. चाळिशीचा माणूस, पोट पट्ट्यावरून खाली वाकून जमीन पाहतं. पोलीस लाइनीतल्या लोकांसमोर सराव करायची लाज वाटते, म्हणून माझ्या इंदीला घेऊन महाल भागात आमच्याकडे मुक्काम. पोरी ज.च्या आईबापांकडे ठेवल्या. इथं शाळेला सुट्टी, मागचं मैदान रिकामं.

त्यात अधिक महिना लागलेला. जवायाला जेवू घालायचा महिना.

"मामी, अठरा दिवस त्रास हाय तुमाले."

"द्या ना बापा. हक्काचा महिना हाय तुमचा."

आत जाऊन देवापुढं उभी राहिले. म्हटलं, चौदा वर्षांनी माणूस हातात दिलास.

१८ मे, रविवार

राग कशाचा ते एकदाच लिही कमल, म्हणजे रोज विचारणार नाहीस.

इंदीचं लग्न. पानं वाढलेली. ज. रुसले. घड्याळ पाहिजे, सोनेरी पट्ट्याचं. घड्याळाचं बोलणं झालेलंच नव्हतं. आमचे हे मागावर बसणारे, साधा माणूस. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ज.च्या पायाशी ठेवली. सगळा मांडव पाहून राहिला होता. ज.च्या तोंडात पान होतं. ते संपेपर्यंत टोपीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग म्हणाले, "बरं. पण विसरू नोका."

घड्याळ दिलं. टोपी यांनी घरी आणली, धुतली, खुंटीला अडकवली. त्यानंतर सहा वर्षं जगले. बाजारात बोडक्या डोक्यानं जायचे. मी कधी विचारलं नाही.

आता विचारणार आहे. पण यांना नाही.

१९ मे, सोमवार

पहिले धोंडे केले. पुरण गच्च भरलं. वर तूप. वर आमरस. वर पुन्हा तूप. अधिकाच्या महिन्यात तेहतीस द्यायचे असतात, मी ते दोन जेवणांत पोटात घालायचं ठरवलं.

इंदी कानाशी येऊन, "माय, तूप कमी वाढ नं वं. पळायचं हाय त्याइले."

"जवायाच्या पानावर तूप कमी? लोकं थुंकतीन माह्या तोंडावर."

ज.नी हात आडवा धरला, पण बोटं पसरून. त्यातून तूप बरोबर गेलं.

मटण या महिन्यात चालत नाही. नाहीतर चार दिवसांत काम झालं असतं.

२१ मे, बुधवार

मैदान मोजायचं होतं. फीत कोणाकडे? ज. म्हणाले पावलांनी मोजू. मी म्हटलं, कोष्ट्याच्या घरात मापाले काय तोटा? माझं लुगडं घ्या. नऊ वार, बोटभर इकडचं तिकडं नाही. एक टोक मी धरलं, एक इंदीनं. अकरा वेळा लुगडं, वर एक वार. झाले शंभर. चुन्यानं रेघ मारली.

ज. खूश. "मामी, डोकं हाय तुमाले!"

हाय.

आता हळू लिही. सरकारचं शंभर मीटरचं आहे. मीटर वारापेक्षा साडेचार बोटं मोठा. शंभरावर ती साडेचार-साडेचार बोटं जमव, नऊ वार होतात आणि वर दीड वीत. म्हणजे ज.च्या मैदानात एक आख्खं लुगडं कमी आहे. टोक धरतानाच मला ठाऊक होतं. माझ्या लेकाला, वसंताला, ऐकूनच कळलं असतं, पण तो मागावरून उठत नाही. इंदी चौदा वर्षांत पोलिसीण झाली, मापं विसरली असेल. आणि कमल शेतकऱ्याची, तिला एकर कळतो.

तिची लेखणी थांबली आहे. लिही, लिही. बाहेर बोललीस तर पुढचं पान तुझ्यावर.

२३ मे, शुक्रवार

पहाटे साडेपाचला सगळे मैदानावर. मी पारावर. वेळ कमल मोजते, तिला सेकंदाचा काटा वाचता येतो. घड्याळ तेच, लग्नातलं. पट्ट्याचं सोनं उडून गेलं आहे. ज.नी स्वतःच्या हातानं मनगटावरून काढून तिला दिलं. चौदा वर्षं उतरवलं नव्हतं म्हणे. मनगटावर पांढरा पट्टा राहिला.

एकवीस सेकंद. तेही एक लुगडं कमी धावून.

धावताना ज. असे दिसतात, जशी पेटी डोक्यावर घेऊन गाडी पकडायला निघालेली बाई. मी म्हटलं, "जवाईबापू, कसे हरणावानी पळून राहिले!" खरं वाटलं त्यांना.

२५ मे, रविवार

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. दुपारी कुत्रंसुद्धा गल्लीत नाही. दारावरच्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून मारून कमलचे हात गेले. ज. जेवून जे पडले ते चारला उठले. आज वडाभात होता, आणि पाटवडीचा रस्सा. झोपेत पाय हलवत होते. तिथं तरी वेळेत पोचले असतील.

सकाळी वीस सेकंद. तूप कमी पडतं आहे का?

इंदी पाण्याचा लोटा घेऊन उभी राहते, तीही रेघेच्या कितीतरी पुढं. रेघ ओलांडली की माणूस थांबेल ना, पाणी पिईल. पण ही पुढं. ज.ना तिच्यापर्यंत पळतच जावं लागतं, कारण ही ओरडते, "पानी इकडे हाय, थांबू नोका!" लहानपणापासून अशीच वेंधळी. पंगतीतही वाढायला भलत्याच ठिकाणी उभी राहायची.

२७ मे, मंगळवार

अठरा!

ज. मैदानातच नाचले. येताना गल्लीत सगळ्यांना सांगत आले. समोरच्या शिंप्याला, नळावरच्या बायांना, दळणवाल्याला. "झालं! आता फकस्त कपडे शिवाचे राहिले हवालदाराचे." शिंपी माप घ्यायलाच निघाला. मी म्हटलं, घे बापा, घे, कंबरेचं थोडं सैल घे.

पुरणपोळी केली. हसू दाबून दाबून बरगडी दुखते आहे. कमलनं शेक दिला. ती हसली नाही. सातवी पास.

२९ मे, गुरुवार

पौर्णिमा. इंदी माझे पाय चेपत बसली होती. मी विचारलं नव्हतं, तीच बोलायला लागली.

"माय, हवालदार झाले नं, तं क्वार्टर भेटते. दोन खोल्यांचं."

"आता काय रस्त्यावर राहून राहिली का?"

"एकच खोली हाय वं. सासू, सासरे, आमी चौघं. मोठी तेरा वर्षांची झाली. कपडे बदलाले खाटेमागं बसते. सासरे खाकरून आत येतात, तरी ती दचकते. मागच्या महिन्यात तं शाळेतून घरीच येत नोती... जाऊ दे."

मी म्हटलं, मग नवऱ्याले सांग, नीट पळ.

"पळूनच राहिले नं."

पाय चेपणं चालूच होतं. मला झोप आल्याचं मी दाखवलं.

३१ मे, शनिवार

सतरा. ज.ना आता चढली आहे. पण आज पडले. गुडघा सोलला. मी हळद लावली. तेव्हा एकदम लहान आवाजात, "मामी, साहेब नाव वाचून दाखवते, सगळ्यांइच्या समोर. पास, नापास. गेल्या खेपेले एका शिपायाले रडू फुटलं होतं."

सगळ्यांच्या समोर. देवा, मी मागितलं होतं त्यापेक्षाही नेमकं दिलंस. मी हळद जरा दाबूनच लावली.

मग संध्याकाळभर ती पोरगी डोळ्यांपुढं. खाटेमागं बसलेली. तिला मी पाहिलंय ते शेवटचं फ्रॉकमध्ये.

यांच्या फोटोपुढं बसले. म्हटलं, तुम्ही सांगा. ते जिवंतपणीही माझ्या भांडणात पडले नाहीत, आता काय पडणार.

सांगितलं तर ज. सुटतात. नाही सांगितलं तर इंदी मरते. असला कसला सूड, की ज्याचं एक टोक आपल्याच पोरीच्या...

राहू दे. आज एवढंच.

२ जून, सोमवार

इंदी धोंड्यांसाठी कणीक मळत होती. ज. शिंप्याकडे. कमल दारात. मी सांगून टाकलं. म्हटलं, इंदे, तिथं मीटर नाही मोजले. वार मोजले. एक लुगडं कमी हाय.

ती कणीक मळतच राहिली.

"मले माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"माय, दुसरं टोक माह्याच हातात होतं नं. अकरा लुगडे अन् एक वार. मी पोलिसाची बायको झाली, पण पोट्टी तं कोष्ट्याचीच हाव."

मी माझ्याच पदराचं टोक हातात घेऊन पाहिलं. पोरीनं मला मापात पकडलं, कमल तारीख लिहून ठेव.

"मंग त्याले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं घरभर तुह्यावर वरडले असते. ते मले पाहावलं नसतं. अन् पहिल्याच दिवशी तेवीस-चोवीस आले असते तं दुसऱ्या दिवशी उठले नसते. मी ओळखतो त्याइले. त्याइले आधी जिंकू द्या लागते, मंग ते पळतात."

"अन् चार तारखेले काय करशीन?"

"लोटा घेऊन कोठी उभी राहून राहिली मी, पाह्यलं नाही का तू? रेघेपासून मोजून नऊ वार. वर दीड वीत. रोज तेथवर पूरं पळवतो."

मी तिथं पारावर बसून तिला वेंधळी म्हणत होते. वहीत लिहिलेलं आहे.

"तेथवर किती लागतात?"

"मनात मोजतो. कधी अठरा येतात, कधी वीस. माह्या मोजण्याचा काय भरवसा?"

मग मान वर न करता म्हणाली, "तुहा राग मले समजते माय. मीही त्या मांडवातच होती. पण राग तुहा हाय अन् नवरा माहा. तू तुहं वाढ, मी माहं पळवतो."

माझ्याच पोटची, माझ्याच लुगड्यात मला गुंडाळून ठेवलं. दहा दिवस. आणि रोज रात्री माझे पाय चेपले.

फार चिडले आहे. कोणावर ते उद्या सांगेन.

३ जून, मंगळवार

आज सराव नाही, आराम. ज.च्या पानात भात, पातळ वरण, लिंबू. तूप वाढलं नाही. कमलनं विचारलं, "आत्याबाई, विसरल्या का?" मी म्हटलं, डबा रिकामा आहे.

डबा रिकामा नाही.

पण हे माफ करणं नाही, हे नीट लिही. इंदीच्या क्वार्टरसाठी आहे. ज. पास झाले तरी माझं-त्यांचं बाकी आहेच. पास झालेल्या माणसाला बोलायला उलट जास्त मजा, नापासाला काय, आधीच मेलेला.

दोन वाक्यं तयार केली आहेत. एक पास झाले तर, एक नापास झाले तर. दोन्ही चांगली लागतील अशी आहेत. वहीत लिहू देणार नाही, हवा लागून शिळी होतील.

४ जून, बुधवार

ज. पाचला गेले, सायकलनं. जाताना मला म्हणाले, "मामी, येतो." मी म्हटलं, "या." एवढंच.

इंदीनं सकाळपासून पाणी घेतलं नाही. देवापुढं बसली. मीही बसले. तिनं काय मागितलं ते सांगायला नको. मी काय मागितलं ते मलाच नीट कळलं नाही. अठरा दिवस एक मागत होते, आज तोंडातून भलतंच निघायला लागलं. देवही म्हणाला असेल, बाई, आधी घरात ठरवून या.

सात वाजले. आठ. ऊन गल्लीत उतरलं. वसंताचा माग आज दोनदा थांबला, एरवी तो भूकंपातही थांबत नाही. इंदी तांदूळ निवडून राहिली आहे, निवडलेलेच पुन्हा.

कमल इथंच बसून लिहिते आहे, मी दारातून पाहते आहे.

नऊ. ज. आले. घरात आले नाहीत. सायकल भिंतीला टेकवली आणि गल्लीतल्या नळाखाली डोकं घालून बसले आहेत. बायांनी घागरी बाजूला घेतल्या. कोणी विचारत नाही. बनियन पाठीला चिकटलं आहे. पाठच दिसते. पाठीवरून पास-नापास कळत नाही.

"जा," मी इंदीला म्हटलं.

"तू जा माय. मी तांदूळ निवडतो."

नळ चालूच. डोकं वर काढत नाहीत. उन्हानं तापले म्हणून, का तोंड दाखवायचं नाही म्हणून...

मी उठते. गुडघा धरून. कमल, तू बैस. दोन्ही वाक्यं आठवून पाहिली, एकही पुरं आठवत नाही. हातात मात्र टॉवेल आहे. खुंटीवरचा. मी कधी घेतला?

असो. त्यांना पुसायला द्यायचा की तोंडावर फेकून मारायचा, ते नळापाशी गेल्यावर पाहू.