ओलाव्याचा कोरा रकाना

आबा, आज एका मुलीने मला असा प्रश्न विचारला, की त्याचं खरं उत्तर तुमच्याशिवाय कुणाला देण्याची माझी हिंमत नाही. ती माझ्याकडे पीएच.डी. करते. चुणचुणीत आहे, जराशी उद्धटही, आणि मला विद्यार्थी तसेच आवडतात. तुम्ही ज्या गुऱ्हाळावर कामाला होतात, तिथल्या नव्या चुलवाणाच्या नोंदींची माझी जुनी वही तिने विभागाच्या कपाटातून शोधून काढली आणि माझ्यापुढे उघडून धरली. "मॅडम, जाळ, धूर, वेळ, सगळं मोजलंय तुम्ही. मग चिपाडांच्या ओलाव्याचा रकाना कोरा का?" मी म्हणाले, "यंत्र बंद पडलं होतं." तिने ते लिहून घेतलं. एवढी प्रश्न विचारणारी पोर, पण माझ्यावर तिने लगेच विश्वास ठेवला.

माझं काम तुम्हाला नीटसं कधी कळलं नाही. लेक काय करते असं कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "सरकारला जाळ घालाय शिकिवती." ऊर्जा धोरणाची याहून सोपी व्याख्या मला पस्तीस वर्षांत सापडलेली नाही. जाळ घालणं तुमचंच काम. उसाची चिपाडं चुलवाणात सारत तुम्ही भिंतीच्या अलीकडे बसायचात आणि रसाची काहील पलीकडे, त्यामुळे आत काय चाललंय ते तुम्हाला दिसायचं नाही. लहानपणी दर रविवारी मी मधल्या दाराशी उभी राहून तुम्हाला सांगायची. एकदा रसावर नजर ठेवणारा गुळव्या भाकरी खायला बसला होता. तुम्ही म्हणालात, रस घट्ट झालाय का बघ. मी चिंच चोखत जागेवरूनच सांगितलं, अजून पातळ आहे. अख्खी काहील करपली. मालक वाटेल ते बोलला आणि तुम्ही सगळं आपल्या अंगावर घेतलंत. घरी जाताना मी सायकलच्या दांडीवर अंग चोरून बसले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "करपलं ते जाऊ दे. बघितलं न्हाईस तर न्हाय बघितलं म्हणायचं की. न बघता सांगत जाऊ नगंस." पुढे हे वाक्य मी प्रत्येक वर्गाला पहिल्याच तासाला सांगत आले. तुमचं म्हणून नाही, माझं म्हणून.

मग तो मोजणीचा दिवस. माझ्या आराखड्याचं पहिलं चुलवाण तुमच्याच गुऱ्हाळावर बांधलं होतं, कमी जळणात जास्त जाळ आणि धूर थोडका, असं. मी गाडीतून उतरते तर तुम्ही चुलवाणापुढे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेले. जोतिबाच्या यात्रेला घालायचा तो. मागे दोन अधिकारी, हातात वह्या. मोळ्या वाहणारा गडी माझ्या कानाशी येतो आणि कौतुकाने सांगतो, "चार दिस झालं, तुझा बा उन्हात चिपाडं परतत बसलाय. पापडागत वाळीवल्यात. लेकीचं सायब येणार म्हंतोय." पाहुणा येणार म्हणून घर सारवतात, तसं तुम्ही जळण सजवलं होतं. जाळ असा लागला की धुराड्यात धूर शोधावा लागला. अधिकारी खूश झाले. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. शर्टावर एक ठिणगी पडून भोक पडलं होतं, तेही तुम्हाला कळलं नाही.

त्या वहीवर अहवाल झाला, अहवालावर योजना आणि योजनेवर मी. प्राध्यापक झाले, समित्यांवर गेले, विमानाने जाऊन भाषणं केली. आणि इकडे योजनेतून गावोगाव माझी चुलवाणं बांधली गेली, पण गुऱ्हाळं भर हंगामात चालतात तशीच चालली. सकाळची चिपाडं जेमतेम ऊन दाखवून चुलवाणात. चार दिवस परतत बसायला कुणाला जागा आहे आणि कुणाला सवड? ओल्या चिपाडांनी माझं चुलवाण घुसमटायचं, रस वेळेत उकळायचा नाही, गूळ काळा पडायचा. एक मालक तोंडावर म्हणाला, "मॅडम, तुमचं चुलवाण पावण्यास्नी दावायला ब्येस हाय." लोकांनी ती चुलवाणं फोडली, जुन्या पद्धतीची बांधली आणि वर फाटके टायर जाळायला लागले. धूर आधीपेक्षा वाईट झाला. तुम्ही मात्र खोकत खोकत सगळ्यांशी भांडायचात, "त्यास्नी जाळ घालाय येत न्हाय, माझ्या लेकीचं काय चुकलं न्हाय." शेवटपर्यंत हेच. दवाखान्यात नर्सलासुद्धा तुम्ही ते ऐकवलंत आणि मी शेजारी सफरचंद सोलत बसले होते. मला स्वतःची शिसारी येते, आबा.

आता तोच आराखडा दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं घाटतंय. सोमवारी समितीपुढे कागद येईल, खाली माझी सही लागेल आणि मी करीन. मी नाही म्हणाले, तर का ते सांगावं लागेल. एवढ्या वर्षांनी ते सांगण्याचं बळ माझ्यात उरलेलं नाही आणि आता ते कुठून येईल असंही वाटत नाही. ती मुलगी प्रबंधात लिहील, यंत्र नादुरुस्त होतं. तिचा आधार घेऊन आणखी कुणीतरी तेच लिहील.

हे कागद खरं तर तिच्या हातात द्यायचे म्हणून लिहायला बसले होते. पहिलाच शब्द 'आबा' उमटला, तेव्हाच कळलं की देणार नाही. ते वहीत घालून वही कपाटात परत ठेवते. यंत्र बंद नव्हतं. मोजणीच्या त्या सकाळी तुम्ही अधिकाऱ्यांना चहा द्यायला उठलात, तेव्हा मी ते पिशवीतून काढून चिपाडांच्या ढिगात खुपसलं होतं. आकडा आला, भर हंगामात कुठल्याच गुऱ्हाळावर येणार नाही इतका कमी. मग तुम्ही कपबशा सांभाळत परत येताना दिसलात, शर्टाची बाही जपत, आणि मी यंत्र पिशवीत टाकलं. न बघता सांगू नगंस म्हणाला होतात ना. मी बघितलं होतं.